ट्यूबलाइटखाली मोजलेले फेरे

धारणीच्या गॅरेजात येणाऱ्या जुन्या डिझेल जीप-कमांडर गाड्यांच्या डॅशबोर्डवर वेगाचा काटा असतो, डिझेलचा असतो. इंजिनाचे फेरे दाखवणारा मात्र मुळातच नसतो. परतवाडा, सेमाडोह, हरिसालच्या घाटवळणांवर सवाऱ्या वाहून खिळखिळ्या झालेल्या या गाड्यांची एक तक्रार ठरलेली: ‘स्लोवर उभी राहत नाही.’ स्लो, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग, कमी ठेवला तर इंजिन थरथरतं, ऑइलचा दाब उतरतो. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच पाठीशी असतो, तोही मंदावतो, आणि घाट उतरताना ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जास्त ठेवला तर गिअर टाकताना करकर आणि फुकट जळणारं डिझेल.

जुने मिस्त्री स्लो कानावर लावतात. त्यांच्या कानाला माझा मान आहे. पण सायलेन्सर फुटका असला की कानही फसतो. म्हणून इथल्या एका मिस्त्रीची रीत मला फार आवडली. तो क्रँकच्या पुलीवर व्हाइटनरचा एकच बारीक ठिपका देतो, दिवस मावळल्यावर शटर अर्धं ओढतो आणि जुन्या चोकची ट्यूबलाइट बोनेटजवळ धरतो. बस्स, एवढंच.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते. इंजिन 750 आरपीएमवर असेल तर पुली सेकंदाला साडेबारा फेरे घेते, म्हणजे दोन उजेडांच्या मध्ये बरोबर एक अष्टमांश फेरा. एका ठिपक्याचे आठ ठिपके दिसतात, गोल कडं करून जागच्या जागी थांबलेले. सहा दिसले तर 1000, सात दिसले तर साधारण 857, दहा दिसले तर 600. ठिपके फिकट असतात, कडा पुसट. पण डोळा सरावला की स्पष्ट मोजता येतात.

खरी गंमत पुढे आहे. इंजिन 750 च्या किंचित वर गेलं की हे आठ ठिपक्यांचं कडं इंजिनाच्या दिशेनं सावकाश सरकू लागतं. खाली आलं की उलटं. एखादा ठिपका मिनिटात जितक्या फेऱ्या मारेल, तितकाच आरपीएमचा फरक. सहा सेकंदांत एक फेरी, म्हणजे इंजिन दहानं जास्त. “पाय साहेब, समोर सरकून रायले. तेज हाय थोडी,” मिस्त्री म्हणतो आणि डिझेल पंपावरचा चेकनट ढिला करून स्लोचा स्क्रू केसभर फिरवतो. कडं मंदावतं, अडखळतं, थांबतं. एखादा सिलिंडर नीट मारत नसेल तर ते थांबतच नाही, पुढेमागे झुलत राहतं. तेव्हा स्क्रूला हात न लावता आधी इंजेक्टर बघायचे, हे त्यातूनच कळतं.

इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबवर हे जमत नाही. तिची उघडझाप सेकंदाला हजारो वेळा होते. लाइट गेली असताना इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर विसंबू नये, तिथे 50 चे 50 राहतीलच असं नाही.

अॅम्बेसेडर, पद्मिनीसारख्या पेट्रोल गाड्यांना दुसरी सोय आहे. मीडियम वेव्हवर लावलेला जुना ट्रान्झिस्टर एका प्लगच्या वायरजवळ धरला की प्रत्येक ठिणगीची टकटक ऐकू येते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्लगची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते. आवाज मोबाइलवर टिपून सावकाश ऐकायचा, सहा सेकंदांतल्या टकटकी मोजायच्या आणि वीसनं गुणायचं: चाळीस भरल्या तर 800. डिझेलला ठिणगीच नाही, तिथे रेडिओ मुका. मोबाइलचं स्लो मोशन दोन्हीकडे चालतं. सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात 750 आरपीएमला ठिपका साधारण 19 चित्रांनी परत जागेवर येतो. मात्र चित्रं मोजत बसेपर्यंत स्क्रूवरचा हात थांबलेला असतो. ट्यूब स्क्रू फिरवता फिरवताच सांगते, म्हणून माझं मत ट्यूबलाच.

ही रीत करून बघणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा आणि बाह्या वर चढवा. पुली डोळ्यांना थांबलेली दिसते, पण ती थांबलेली नसते, आणि तिच्या शेजारीच पंखा फिरत असतो.