दुखणं ‘मनाचं’ नव्हतं!

दुचाकीवर मागे बसताना पदर नीट खोचून घ्या, हे कितीदा सांगितलं तरी थोडंच! आमच्या शेजारच्या वहिनींचा पदर चाकात गेला नि त्या उजव्या अंगावर आपटल्या. पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, ज्याला आपण फरा म्हणतो, तेच मोडलं.

खरं तर हे हाड सहसा मोडत नाही. त्याला 17 स्नायू चिकटलेले असतात, रक्तपुरवठाही भरपूर. म्हणूनच मोडलं तरी बहुतेक वेळा हात झोळीत ठेवून दीड-दोन महिन्यांत आपोआप जुळतं. वहिनींनाही तसंच सांगितलं होतं.

पण सहा महिने झाले तरी वेणी घालायला हात वर जाईना. फळीवरचा डबा काढताना अशी कळ यायची, की डोळ्यांत पाणी. घरचे म्हणायचे, “हाड केव्हाच जुळलं, आता तुमच्या मनानंच घेतलंय!” साध्या एक्स-रेतही काही दिसलं नाही. त्यात बरगड्यांची सावली या हाडावर पडते, बारीक फट लपून जाते. शेवटी सीटी स्कॅन केला, तेव्हा फट तशीच!

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “तंबाखू?” वहिनी म्हणाल्या, “छे हो, फक्त मिशरी लावते.” आता मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की! त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला वेळ लागतो. मिशरी सोडायची आणि मगच ऑपरेशन, असं ठरलं.

ऑपरेशनमध्ये पाठीकडून छेद घेऊन फटीत साचलेला चिवट तंतुमय भाग काढतात. हाडाची टोकं ताजं रक्त येईपर्यंत खरवडतात. मग कमरेच्या हाडाचे छोटे तुकडे काढून त्या फटीत भरतात आणि वरून प्लेट, स्क्रू घट्ट बसवतात. पुढे पुन्हा झोळी, आधी हात नुसता झुलवायचा, मग हळूहळू वर न्यायचा. हाड जुळल्याचं दिसेपर्यंत कळशी, बादली उचलायची नाही. वहिनींच्या सासूबाईंनी तेवढे दिवस पाणी भरलं, कुरकुर न करता!

आता वहिनी स्वतःची वेणी स्वतः घालतात. खांद्यापेक्षा कमरेची जखमच जास्त दुखली म्हणे. आणि त्याहून अवघड गेली ती मिशरी. सकाळी चहाच्या आधी बोट अजून आपोआप दाताकडे जातं, असं त्या हसत हसत सांगतात.