जुना मालट्रक : बोलणारे इंजिन आणि मूक ब्रेक

लांब पल्ल्याच्या वाहतुकीत काही वर्षे राबलेला मालट्रक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातो आणि ऊस, विटा, खडी किंवा पाणी यांच्या जवळपासच्या वाहतुकीला लागतो. या टप्प्यावर त्याच्या मालकाकडे अनेकदा तेवढी एकच गाडी असते आणि तिच्या एकेका खेपेवर घर चालत असते. त्यामुळे बिघाड ओळखण्यात झालेली चूक थेट त्या कुटुंबाच्या खिशाला लागते. जुना ट्रक म्हणजे धोकादायक ट्रक असे समीकरण सर्रास मांडले जाते, परंतु वय हे धोक्याचे मूळ नसून, वयाबरोबर झीज वाढत असताना तपासणी मात्र कमी होत जाणे हे त्याचे मूळ आहे. या ट्रकच्या निगेचा विचार करताना एक भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो : इंजिन आपला दोष धूर, आवाज आणि उष्णता यांतून उघड करते, तर हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आपला दोष अखेरच्या क्षणापर्यंत झाकून ठेवू शकतो. म्हणून इंजिनाच्या बाबतीत लक्षणांचा माग काढता येतो, ब्रेकच्या बाबतीत मात्र लक्षणांची वाट पाहणेच घातक ठरते.

यांत्रिक पिढीची ओळख

भारतीय रस्त्यांवरील जुन्या मालट्रकांची घडण समजण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडतो. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांच्यात १९५४ साली झालेल्या सहकार्यातून जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू झाली आणि १९६९ मध्ये हा करार संपल्यावरही त्या घडणीचे संस्कार पुढील अनेक मॉडेलांत टिकून राहिले. चालकांना परिचित असलेल्या ‘६९७’ या इंजिनाच्या नावातच त्याची मापे आहेत. ६ हा आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो आणि ९७ हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास, ज्याला कारागीर ‘बोअर’ म्हणतात. ‘१२१०’ किंवा ‘१६१२’ या मॉडेल क्रमांकांतील पहिले दोन अंक मालासह एकूण वजन टनांत दर्शवतात आणि पुढचे दोन अंक दहाने गुणले की इंजिनाची अश्वशक्ती साधारणपणे कळते.

या पिढीच्या इंजिनांत डिझेलचे मोजमाप संगणक करत नाही; ते काम दट्ट्यांच्या यांत्रिक पंपाकडे असते. दोषाचा संकेतांक दाखवणारी यंत्रणा येथे नसते, परंतु प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि साध्या पान्यांनी उघडता येतो. त्यामुळे दोषनिदान हे सर्वस्वी कारागिराच्या तर्कशुद्धतेवर अवलंबून राहते.

डिझेलचा मार्ग आणि निदानाचा क्रम

इंजिन सुरू होत नसेल, तर पहिला प्रश्न इंजिन पुरेशा वेगाने फिरते आहे का, हा असतो. जड ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ती तयार होते. इंजिन मंद फिरत असेल, तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, उतरवण्यापूर्वी बॅटरीची टोके आणि चासीला गेलेली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी, कारण गंजलेल्या जोडावर विजेचा दाब घटतो आणि दोष विनाकारण सेल्फच्या माथी मारला जातो.

इंजिन नीट फिरूनही पेट घेत नसेल, तर डिझेलच्या मार्गाकडे वळावे लागते. टाकीतील डिझेल फीड पंप ओढून घेतो, ते फिल्टरमधून मुख्य पंपाकडे जाते आणि तेथून उच्च दाबाच्या नळ्यांतून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत पोहोचते. या मार्गात हवा शिरली की दट्ट्याचा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो आणि नोझल उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात ओढ असते, त्यामुळे तेथील सैल जोडातून हवा आत शिरते पण डिझेल बाहेर गळेलच असे नाही. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, त्यामुळे तेथील दोष ओलाव्याने दिसतो. म्हणून गाडी वारंवार हवा घेत असेल आणि कोठेही ओल दिसत नसेल, तर शोध टाकीच्या बाजूने सुरू करणे तर्काला धरून असते. शिरलेली हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारतात, फेसाळ डिझेल जाऊन स्वच्छ धार येऊ लागली की स्क्रू आवळतात आणि तीच कृती मुख्य पंपावर करतात.

एखादा सिलिंडर काम करत नसल्याचा संशय असेल, तर इंजिन संथ चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट क्रमाने किंचित सैल करतात. नट सैल करताच इंजिनाचा आवाज उतरला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरचा आहे. त्यानंतर तेथील नोझल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहतात. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब, आणि मूळ जागीच राहिला तर व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा पंपाचा संबंधित दट्ट्या तपासायचा. नवा भाग विकत न घेता मिळालेले हे उत्तर अंदाजाने भाग बदलत जाण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे असते. ही तपासणी करताना नोझलच्या फवाऱ्यासमोर हात मात्र कधीही धरू नये, कारण तेवढ्या दाबाचे डिझेल त्वचा भेदून आत जाते आणि जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

धूर, तेल आणि पाणी

सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग निदानाला दिशा देतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. त्यामागे तुंबलेला एअर फिल्टर, थेंब गाळणारे नोझल, चुकलेले टायमिंग किंवा अतिभार असू शकतो. ओढ वाढावी म्हणून पंपाचे सील तोडून डिझेलचे प्रमाण वाढवण्याची प्रथा याच वर्गात मोडते. त्यातून तात्पुरती ताकद मिळते, परंतु ज्वलनाची उष्णता वाढून पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचे आयुष्य घटते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत असल्याची खूण असून झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड हे त्याचे नेहमीचे कारण असते. थंड सकाळी काही क्षण दिसणारा पांढरा धूर स्वाभाविक आहे. मात्र इंजिन तापल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरमधील पाणी घटत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे डोके आणि धड यांच्यामधील बंद राखणारा थर, फुटल्याचा संशय घ्यावा लागतो. डिपस्टिकवरील ऑइल दुधी झाले असेल, तर या संशयाला पुष्टी मिळते. ते पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरत असते आणि अशा ऑइलवर चालवलेल्या इंजिनाची बेअरिंगे फार काळ टिकत नाहीत.

इंजिन तापण्याच्या तक्रारीत स्वस्त कारणांपासून महाग कारणांकडे जाणे हाच योग्य क्रम होय : आधी पाण्याची पातळी आणि पंख्याचा पट्टा, मग रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट, कापसाचा तंतू किंवा धूळ, नंतर रेडिएटरचे झाकण, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप, आणि सर्वांत शेवटी हेड. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरल्याने आतील मार्गांवर क्षारांचा थर चढतो आणि तो उष्णता अडवतो. म्हणून क्षारविरहित पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळणे हितकारक ठरते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो, परंतु त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचतच नाही, डिझेलचे ज्वलन अपुरे राहते आणि झीज वाढते.

ब्रेक : जेथे दोष बोलत नाही

जड ट्रकच्या ब्रेकला हवेचा दाब चालवतो. इंजिनावरील कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो, चालकाने पेडल दाबताच ती हवा ब्रेक चेंबरमधील पडद्यावर येते, पडदा एक दांडा पुढे ढकलतो, तो दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाच्या तरफेमार्फत इंग्रजी ‘एस’ आकाराचा कॅम फिरवतो आणि कॅममुळे लायनर लावलेले शू ड्रमवर दाबले जातात. लायनर झिजत गेले की शू आणि ड्रम यांतील अंतर वाढते आणि दांड्याला अधिक लांब सरकावे लागते. हे सरकणे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की चेंबरचा जोर झपाट्याने उतरतो. त्यात भर म्हणजे ब्रेक सतत वापरल्याने ड्रम तापून प्रसरण पावतो आणि ते अंतर आणखी वाढते. परिणामी सपाट रस्त्यावर आणि थंड अवस्थेत समाधानकारक वाटणारा ब्रेक भरलेल्या गाडीसह घाट उतरताना पुरा पडत नाही.

छोट्या गाडीच्या द्रवावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये पेडल खोल जाऊ लागते आणि चालकाला इशारा मिळतो. हवेच्या ब्रेकचे पेडल मात्र केवळ झडप उघडत असल्यामुळे चाकाजवळचे वाढलेले अंतर पायाला जाणवत नाही. म्हणूनच चाकांना उटी लावून, हवा पूर्ण भरून आणि ब्रेक दाबून प्रत्येक चेंबरचा दांडा किती सरकतो हे मोजणे आणि हाताने जुळवण्याचे स्लॅक ॲडजस्टर असल्यास ते सर्व चाकांवर सारखे जुळवणे, हे जुन्या ट्रकच्या निगेतील सर्वांत मोलाचे काम ठरते. त्याला जोड हवेच्या गळतीच्या तपासणीची द्यावी : दाब पूर्ण भरल्यावर, म्हणजे साधारणपणे सात ते आठ बारपर्यंत काटा आल्यावर, इंजिन बंद करून आधी पेडल सोडून आणि मग पेडल दाबून ठेवून काटा किती वेगाने उतरतो ते पाहावे. हवा दाबली गेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, ते टाक्यांच्या तळाशी साचते आणि झडपा गंजवते. म्हणून टाक्यांतील पाणी रोज सोडले पाहिजे. पार्किंग ब्रेकच्या चेंबरमध्ये अत्यंत ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटल्यास प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे असा चेंबर प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणीही उघडू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

बोरघाट, कसारा आणि खंबाटकी यांसारख्या उतारांवर, तसेच पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या रस्त्यावर, निगेइतकेच चालवण्याच्या पद्धतीला महत्त्व येते. या शेवटच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाची धडक बसून कित्येक वाहने चिरडली गेली होती. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवली, तर इंजिनाचा अडथळा नाहीसा होतो आणि सगळा भार लायनरवर येतो. इंजिन बंद केले, तर कॉम्प्रेसर थांबून हवाही भरत नाही. घाट उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारी हवा अडवून वेग रोखणारी झडप, वापरणे हाच यावरील उपाय आहे.

पाटे, चाके आणि पडून राहण्याचे दिवस

चासीखालील भागांचे दोषही पाहणाऱ्याला दिसतात. पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला, तर ॲक्सल जागचा सरकतो, गाडी तिरकी चालते आणि टायर एका कडेने झिजतात. म्हणून पाट्याचे काम झाल्यावर एक भरलेली खेप करून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. चाकाच्या नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर नट सैल असण्याचा संभव असतो. पुढचे चाक उचलून वरून-खालून हलवल्यास ते डुलत असेल, तर ब्रेक दाबून पुन्हा हलवावे. डुलणे थांबले तर दोष हबच्या बेअरिंगचा, आणि चालूच राहिले तर किंग पिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीचा असतो. मागच्या जोडटायरांतील हवा कमी-जास्त असेल, तर भार एकाच टायरवर पडून तो तापतो.

ऊसवाहतुकीच्या ट्रकांपुढे आणखी एक प्रश्न असतो. हंगाम संपल्यावर गाडी काही महिने उभी राहते आणि या विश्रांतीतही ती खराब होत असते. अर्धवट रिकाम्या टाकीत बाष्प थंडावून पाणी साचते, बॅटरी उतरते, उंदीर तारा कुरतडतात आणि ब्रेकचे शू गंजाने धरून बसतात. टाकी भरून ठेवणे, बॅटरीची जोडणी काढणे, ग्रीस भरणे आणि हंगामापूर्वी डिझेल फिल्टरमधील पाणी काढून ब्रेक मोजून घेणे, एवढ्याने यांतील बहुतेक नुकसान टळते.

प्रमाणपत्र आणि रोजची जबाबदारी

मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘पासिंग’, आवश्यक असते आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. २०२१ साली जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानेही गाडीची कसोटी तिच्या तपासणीवर ठेवली आहे, आणि स्वयंचलित चाचणी केंद्रांमुळे ही तपासणी अधिक काटेकोर होत जाणार आहे. तरीही वार्षिक चाचणी गाडीची त्या एका दिवसाची स्थिती सांगते. उरलेल्या दिवसांची हमी चालक, मालक आणि कारागीर यांच्या नोंदवहीतूनच मिळते. ऑइल व फिल्टर केव्हा बदलले, रेडिएटरमध्ये किती पाणी घालावे लागले आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा दांडा किती सरकला, या तीन नोंदी नियमित ठेवल्या, तरी हळूहळू वाढणारी झीज आकड्यांत दिसू लागते.

एकाच गाडीवर चालणाऱ्या संसारात पैसा आधी इंजिनाकडे जातो, कारण इंजिन थांबले की खेप बुडते. ब्रेकचे काम मात्र पुढच्या खेपेवर ढकलले जाते, कारण तो दोष त्या दिवशी कोणाला दिसत नाही. हा अग्रक्रम उलटा झाला पाहिजे. इंजिनाच्या दोषाची किंमत मालकाला भाडे गमावून भरता येते, ब्रेकच्या दोषाची किंमत मात्र त्याच रस्त्यावरून जाणारी अनोळखी माणसे मोजतात. म्हणून जुना ट्रक रस्त्यावर ठेवण्याचा हक्क ब्रेकचा दांडा दर आठवड्याला मोजणाऱ्या मालकालाच असावा, आणि तेवढी शिस्त ज्या गाडीला मिळते ती वीस वर्षांची असली तरी भरवशाची ठरते.