वीसच्या आतला मालक

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप चालवणाऱ्या एखाद्या मालकाला पीएफबद्दल विचारलं, तर तो निर्धास्तपणे सांगतो, "आमची माणसं वीसच्या आत आहेत." मस्टरवर खरंच सोळा नावं असतात. वेल्डिंगला ठेकेदाराची पाच पोरं रोज येतात, ती मात्र तो धरत नाही. कायदा धरतो. पीएफ 20 माणसांना लागू होतो, ईएसआय 10 माणसांना, आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर वसुली मूळ मालकाकडून होते. पुढे मंदीत माणसं कमी केली, तरी एकदा लागू झालेला पीएफ सुटत नाही.

दुसरी समजूत जास्त लाडकी. पगार 14,000, त्यात बेसिक 6,000 आणि उरलेले 8,000 'विशेष भत्ता'. मग 12 टक्क्यांनी पीएफ कापला जातो 720 रुपये. कामगारही खूश, कारण हातात चार पैसे जास्त पडतात. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2019 मध्ये या युक्तीतली हवा काढली: सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफच्या हिशेबात मूळ वेतनच. म्हणजे कपात 1,680 रुपये, आणि तेवढीच भर मालकाची. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी घरभाडे, प्रवास यांसारख्या वगळलेल्या भत्त्यांनाही लगाम घातला आहे. ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच मोजायची.

पगारवाढ झाली की कपात थांबवायची, हाही असाच घाईचा हिशेब. पीएफचा सभासद 15,000 ओलांडल्यावरही सभासदच राहतो. मालकाला फार तर 15,000 च्या मर्यादेपर्यंत वर्गणी भरण्याची मुभा असते. ईएसआयची मर्यादा 21,000 ची. पण जूनमध्ये पगार 22,000 झाला, तरी सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू ठेवायची, तीही पूर्ण पगारावर: कामगाराचे 165 रुपये, मालकाचे 715. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे तिचे दोन कालखंड असतात आणि चालू कालखंड पुरा करावाच लागतो. मध्येच कपात बंद करणाऱ्याने कामगाराचा दवाखानाही धोक्यात घातलेला असतो.

व्यवसाय कराची चूक बहुधा जुन्या एक्सेल शीटमधून येते. महाराष्ट्रात 10,000 वरच्या पगारावर पुरुषांकडून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये घेतले जातात, वर्षाचे 2,500. महिलांना मात्र 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. तरीही 18,000 वर काम करणाऱ्या बाईचे 200 रुपये कापले जात असतील, तर ते तिला परत द्यायला हवेत.

"या महिन्यात बिलं अडकलीत, पीएफ पुढच्या महिन्यात भरू" हे वाक्य सगळ्यांत महागाचं. पुढच्या महिन्याची 15 तारीख चुकली की व्याज लागतं, दंड लागतो. त्यातही कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मालकाचा नसतोच. तो न भरणं हा भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो.

नोकरी सोडणाऱ्याला "तुझा हिशेब पुढच्या पगाराबरोबर" असं सांगायची सवयही आता मोडावी लागेल. वेतन संहितेनुसार राजीनामा असो वा काढून टाकणं, थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ज्यांची हजेरी आणि ओव्हरटाइमची वही महिनाअखेरीला एकदम भरली जाते, त्यांची खरी धांदल इथे उडणार आहे.