मॅडम, इथे 'द' का?

आपल्या होस्टेलमध्ये दोन गट आहेत. एक कॉन्व्हेंटवाल्यांचा आणि दुसरा मराठी मीडियमवाल्यांचा. ग्रुप डिस्कशन म्हटलं की पहिला गट पुढे सरसावतो आणि दुसरा खुर्चीत मागे सरकतो. मी पहिल्या गटातली. पण मागच्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये ट्रेनी म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना इंग्लिश शिकवलं, तेव्हा सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती मराठी! कशी, ते सांगते.

आधी थोडी माहिती. आयसेकसारख्या विद्यार्थी संघटनांमार्फत असं सहा ते आठ आठवडे जाता येतं. विमानाचं तिकीट आणि व्हिसा आपल्या खर्चाने. तिकडे शाळा जूनअखेरपर्यंत चालते, म्हणून आपली मे-जूनची सुट्टी बरोबर जुळते. माझ्या शहराचं नाव वूच. स्पेलिंग बघून 'लोड्झ' म्हणालात तर कुणालाच कळणार नाही! कापडगिरण्यांमुळे त्याला पोलंडचं मँचेस्टर म्हणत, जसं आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं म्हणतो.

तिथल्या मुलांना शेवटी 'मातुरा' नावाची परीक्षा असते. त्यात पोलिश, गणित आणि एक परकीय भाषा सक्तीची. पासिंग ३० टक्क्यांना. परकीय भाषेची तोंडी परीक्षाही असते, म्हणजे आपल्या व्हायवासारखंच टेन्शन. आणि हो, मुलं बाईंना 'पानी' म्हणतात. पोलिशमध्ये पानी म्हणजे मॅडम. पहिले दोन दिवस मला वाटायचं, वर्गात सगळ्यांनाच तहान लागलीय.

आता मुख्य मुद्दा. पोलिश भाषेत 'अ', 'अॅन', 'द' ही भानगडच नाही. त्यामुळे मुलं सरळ 'आय हॅव डॉग' म्हणतात आणि मग विचारतात, 'इथे अ का, आणि तिथे द का?' कॉन्व्हेंटमध्ये आपण हे कानाने शिकतो. बरोबर काय ते कळतं, पण का ते सांगता येत नाही. मराठीतही आर्टिकल नाही, म्हणून मी मराठीतून विचार करून पाहिला. 'दारात एक माणूस उभा आहे' असं म्हटलं की ऐकणारा विचारतो, 'कोणता माणूस?' हा झाला 'अ'. पुढे 'तो माणूस आत आला' म्हटलं की कोणता ते विचारावं लागत नाही. हा झाला 'द'. मुलांना मी हीच 'कोणता?' टेस्ट दिली. 'दार लाव' म्हटल्यावर कोणतं दार असं कुणी विचारत नाही, म्हणून 'क्लोज द डोअर'. सगळीकडे हा नियम चालत नाही, पण निम्म्याहून जास्त गाडी पुढे जाते.

दुसरी गंमत काळाची. 'मी इथे पाच वर्षं राहतेय' हे आपण वर्तमानकाळात म्हणतो. पोलिश लोकही तसंच म्हणतात. म्हणून त्यांची आणि आपली इंग्लिशमधली चूक सारखीच होते: 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. काम चालू आहे म्हणून आपण वर्तमानकाळ घेतो. इंग्लिश मात्र सुरुवातीपासून आत्तापर्यंतचा सगळा पट्टा मोजते, म्हणून तिथे 'हॅव लिव्हड' आणि 'फॉर फाइव्ह इयर्स'. फळ्यावर एक टाइमलाइन काढली की हे पटकन कळतं. इंजिनिअरला ग्राफ काढायला काय लागतं?

तिसरी गोष्ट विभक्तीची. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला', अर्थ एकच, कारण 'ला' सगळं सांभाळतो. पोलिशमध्येही सात विभक्ती आहेत, त्यामुळे शब्द हलवले तरी चालतं. इंग्लिशमध्ये शब्द हलवले की माणूसच कुत्र्याला चावतो! एवढंच काय, 'मी होते' आणि 'मी होतो' हा आपला फरक त्यांच्याकडेही आहे: मुलगी 'बिवाम' म्हणते, मुलगा 'बिवेम'. इंग्लिशमध्ये दोघंही 'आय वॉज'.

पण व्याकरण कळलं म्हणून तोंड उघडत नाही. त्या वयात कुणी हसेल ही भीती सगळीकडे सारखीच. 'बोला, बोला' म्हणून कुणी बोलत नाही. बोलल्याशिवाय काम अडेल, अशी सोय करावी लागते. मी आपल्या मेसचं आठवड्याचं टाइमटेबल दोन कागदांवर लिहिलं. एकावर निम्मे रकाने कोरे, दुसऱ्यावर उरलेले निम्मे. जोडीदाराला विचारल्याशिवाय कागद पूर्ण होत नाही. पोहे म्हणजे काय, हे विचारायला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बोलली. पुढच्या तासाला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धातले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ मध्ये तिथल्या छावणीत राहिले होते. मग प्रश्नांचा पाऊस पडला, आणि कुणी 'द' विसरलं तरी थांबलं नाही.

आता आपल्याबद्दल. मराठी मीडियमवाल्यांनो, व्याकरण तुम्ही नियमाने आणि मराठीशी ताडून शिकलात. 'का?' याचं उत्तर तुमच्याकडे आहे. आमच्याकडे फक्त सवय आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूला दोन्ही लागतात. तेव्हा रात्री मेसनंतर अर्धा तास दोन्ही गटांतला एकेक जण अशा जोड्या करून बसूया. आम्ही बोलायची सवय देऊ, तुम्ही कारण सांगा. टाइमटेबलचे कोरे कागद माझ्याकडे शिल्लक आहेत, लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डापाशी ठेवते. हवे तेवढे झेरॉक्स काढा.