अनोळखी गाडीतली मुलं : कळवावं की नाही?

आजचा प्रश्न नाशिकच्या एका ताईंकडून आलाय. हायवेवर त्यांच्या पुढच्या गाडीच्या सनरूफमधून दोन मुलं कमरेपर्यंत बाहेर काढून उभी केली होती. गाडी ऐंशीच्या पुढे, मुलं हात हलवतायत, आईवडील आत गाणी लावून बसलेले. ताई विचारतात, पोलिसांना फोन करायला हवा होता का? त्यांचे यजमान म्हणाले, "त्यांची मुलं, त्यांची गाडी, तुला काय करायचंय?"

हा प्रश्न मला इथे लखनौमध्ये रोज पडतो. मी राहतो सरोजिनी नगरात, कानपूर रोडला लागून. एका बाजूला अमौसीचा विमानतळ, अलीकडे ट्रान्सपोर्ट नगर, आणि थोडं पुढे स्कूटर्स इंडियाचा तो जुना कारखाना, जिथून विजय सुपर स्कूटर आणि विक्रम टेम्पो निघायचे. म्हणजे ट्रक, विमान गाठायची घाई असलेल्या टॅक्स्या, ई-रिक्षा आणि शाळेच्या व्हॅन, सगळे एकाच रस्त्यावर. लग्नसराईत तर वरातीच्या गाड्यांच्या छतातून पोरं अशी उगवलेली असतात, जशी कुंडीतली रोपं.

आधी धोका किती खरा आहे ते बघू. नाहीतर आपण नुसतेच खवट म्हातारे ठरू.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर आदळून थांबली, की आतल्या माणसाला बसणारा मार साधारण १० मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. वेग ८० असेल तर २५ मीटर, आठव्या मजल्याच्या आसपास. हे शाळेतलंच गणित आहे, वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट. कागदावर करून बघा. आता मांडीवरच्या मुलाचं बघू. मूल १५ किलोचं, वेग ५०, आणि गाडी पुढून चेपत अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये थांबली. त्या क्षणी ते मूल आईच्या हातातून सुमारे अडीचशे किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. "मी घट्ट धरलंय" म्हणणाऱ्या आईच्या मायेबद्दल मला शंका नाही. तिच्या मनगटांबद्दल आहे. मी चांगले धट्टेकट्टे जवान पाहिलेत, त्यांनाही अडीचशे किलो धरता येणार नाहीत.

मूल पुढे बसवलं तर गोष्ट आणखी बिघडते. एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली असते, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत, वाशीला, पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यावर जीव गेला. गाडीतले मोठे वाचले. मागे बसलं की सुरक्षित, हाही एक गोड समज आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, तेव्हा मागे बेल्ट न लावता बसलेले दोघे गेले आणि पुढचे दोघे जगले. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यात निम्मे प्रवासी होते, चालक नव्हेत.

आणि सनरूफ? सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभ्या असलेल्या एका मुलाचं डोकं रस्त्यावरच्या उंची रोखणाऱ्या लोखंडी आडव्या खांबाला आपटलं. ते सगळं मागच्या गाडीतल्या माणसाने टिपलं, आणि देशभर लोकांनी पाहिलं. त्या मागच्या माणसाच्या जागी आज नाशिकच्या ताई आहेत.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९४-ब हे कलम आलं. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा लहान मुलांची खास सीट न वापरता गाडीत बसवलं, तर चालवणाऱ्याला किंवा तसं चालवू देणाऱ्याला १,००० रुपये दंड. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर मात्र प्रकरण गंभीर. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. सनरूफमधून बाहेर डोकावण्याला वेगळं कलम नाही. पोलीस ते सहसा धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घेतात.

तेव्हा "त्यांची मुलं, त्यांची गाडी" हा मुद्दा कायद्याने निकाली काढलाय. मूल आईबापाचं असलं, तरी त्याचा जीव त्यांच्या मालकीचा नाही. पण म्हणून जे जे दिसेल ते ते कळवत सुटायचं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो.

फौजेत संत्री उभा असतो. त्याने जे पाहिलं ते कळवायचं असतं. पण चांगला संत्री प्रत्येक पान हललं म्हणून गार्ड उठवत नाही. तो दोन गोष्टी तोलतो. आत्ता, या घटकेला काही होणार आहे का? आणि मी कळवल्याने ते टळेल का? रस्त्यावर मी हीच दोन मापं लावतो.

समजा शेजारच्या साध्या हॅचबॅकमध्ये आजी मागे बसलीये आणि नातू बेल्टशिवाय सीटवर उभा आहे. गुन्हा आहे, धोकाही आहे, वर गणित सांगितलंच. पण मी फोटो पाठवला तर काय होईल? झालंच तर काही दिवसांनी मालकाच्या मोबाइलवर हजाराचं चलान येईल. त्या नातवाचा आजचा प्रवास त्याने एक इंचही सुरक्षित होणार नाही. ज्या देशात मुलांची सीट अजून बहुतेक घरांत पोचलेली नाही, तिथे मी अशा गाड्या कळवत बसलो तर दिवसभर दुसरं काही करायला नको. हे मी सोडून देतो. सोसायटीतलं कुणी ओळखीचं असेल तर मात्र चहाच्या वेळी बोलतो, आणि वरचं आठव्या मजल्याचं गणित सांगतो. ते चलानापेक्षा जास्त चालतं.

याउलट काही प्रसंगांत विचार करत बसू नये. चालवणारा झोकांड्या देतोय आणि मागे मुलं आहेत. बाप मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या हातात स्टीअरिंग देतोय. उघड्या डिकीत पाय सोडून पोरं बसलीत. सनरूफमधून मुलं बाहेर आहेत आणि पुढे पूल किंवा आडवा खांब आहे. इथे जे व्हायचं ते पुढच्या दहा मिनिटांत होईल, आणि पुढच्या चौकात पोलीस असतील तर टळूही शकेल. ११२ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा चालतो. फोन मात्र शेजारी बसलेल्याने करायचा. स्वतः चालवत असाल तर गाडी बाजूला घेऊन करा, कारण हातात फोन धरून चालवणं हाही गुन्हाच आहे, आणि तुमच्या मागच्या सीटवरही कुणाचं तरी मूल असेल.

बंद उभ्या गाडीतलं एकटं मूल हा प्रकारही याच रांगेत बसतो. लखनौच्या मे महिन्यात सांगायलाच नको. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंशांनी चढतं, आणि मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. एकाने ११२ लावायचा, दुसऱ्याने दुकानात जाऊन गाडीचा नंबर पुकारायला सांगायचा. मूल निपचित दिसलं तर त्याच्यापासून सगळ्यात लांबची काच फोडायची. मोठं नुकसान टाळण्यासाठी सद्हेतूने केलेल्या लहान नुकसानीला आपला फौजदारी कायदा गुन्हा मानत नाही.

आता शाळेच्या व्हॅनचा विषय. माझ्या मते आपली तक्रार सगळ्यात जास्त कामाला येते ती इथे, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त गप्प बसतो. हायवेवरची गाडी परत दिसणार नाही. व्हॅन उद्या सकाळी पावणेसातला त्याच कोपऱ्यावर असते, तोच चालक, तीच मुलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच शाळेच्या वाहनांसाठी निर्देश दिले. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे स्वतंत्र नियम आहेत. आणि आमच्या उत्तर प्रदेशात कुशीनगरला २६ एप्रिल २०१८ रोजी फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवलं, १३ मुलं गेली. अशी व्हॅन रोज कुणाच्या तरी डोळ्यांदेखत निघत असते.

आमच्या गल्लीत एक व्हॅन यायची. पांढरी नंबर प्लेट, म्हणजे खासगी गाडी, शाळेची वाहतूक करायची परवानगीच नाही. सात-आठ जणांच्या जागेत मी एका सकाळी सोळा मुलं मोजली. दोन चालकाच्या शेजारी, एक गिअरला चिकटून. मी आधी चालकाशी बोललो. तो म्हणाला, "साहब, कम बच्चे बिठाऊँ तो घर कैसे चले?" खोटं नव्हतं ते. मग शाळेत पत्र दिलं. उत्तर आलं, की व्हॅन पालकांनी ठरवलेली आहे, शाळेचा संबंध नाही. पालकांकडे गेलो, तर एक शेजारीण फटकन म्हणाली, "कर्नल साहब, वैन बंद हुई तो आप छोड़ने जाएँगे?"

हा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. नवरा-बायको दोघं कामावर, शाळा पाच किलोमीटर, घरात एकच स्कूटर. तक्रार करणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं, नुसतं कलम दाखवून भागत नाही. आम्ही आठ-दहा घरं बसलो. चालकाला दोन फेऱ्या करायला सांगितलं, प्रत्येक घराने महिन्याला थोडे जास्त पैसे द्यायचे ठरलं, आणि कागदपत्रं नीट करायला त्याला मुदत दिली. मुदत उलटली आणि तो टाळाटाळ करायला लागला, तेव्हा मी आरटीओला लेखी अर्ज दिला, नंबर आणि तारखांसकट. काही घरं माझ्याशी महिनाभर बोलली नाहीत. आता दुसरी व्हॅन येते, पिवळी प्लेट, नऊ मुलं. पहिला चालक ई-रिक्षा चालवतो, भेटला की नमस्कार करतो, पण पूर्वीसारखा थांबत नाही.

कसं कळवायचं, यातही एक गोष्ट निक्षून सांगतो. अनोळखी गाडी अडवू नका. मुलांशी बोलू नका, काचेतून खुणा करू नका, पाठलाग तर मुळीच नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भटक्या माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी लोकांची डोकी आधीच फिरलेली होती. परक्या माणसाने परक्या मुलाच्या जवळ जाणं किती चटकन उलटू शकतं, हे त्यावरून ओळखा. हेतू चांगला आहे हे तुमच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

व्हिडिओ काढला असेल तर तो पोलिसांना द्या, दुनियेला नको. मुंबई वाहतूक पोलिसांचं ॲप आहे, दिल्लीत 'ट्रॅफिक प्रहरी' आहे. गोव्याने २०१७ मध्ये अशी माहिती देणाऱ्यांना गुण आणि बक्षिसं द्यायची योजना काढली होती. बक्षिसाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पैसे मिळायला लागले की माणूस धोका शोधत नाही, सोपं सावज शोधतो, आणि ते बहुधा बिनहेल्मेटचा गरीब स्कूटरवाला असतो. मुलाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवरसुद्धा टाकू नका. चूक आईबापाची, आणि शाळेत चिडवतील ते त्या पोराला.

राहता राहिलं फोनवर नेमकं काय बोलायचं. ताई, तुमच्यासाठी नमुनाच देतो. "मुंबई-आग्रा महामार्ग, इगतपुरीकडून नाशिककडे, आत्ता अमुक पुलाजवळ. पांढरी एसयूव्ही, नंबर अमुक. दोन लहान मुलं सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर, वेग अंदाजे ऐंशी. मी मागच्या गाडीत आहे." एवढंच. "आजकालचे आईबाप बेजबाबदार झालेत" वगैरे त्यात घालू नका, फोन घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तो तुमचं नाव विचारेल, ते सांगायला हरकत नाही, गाडीवाल्यापर्यंत ते जाऊ नये अशी विनंती त्याच वेळी करा. आणि फोन ठेवण्याआधी तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. आमच्याकडे तो मेसेजनेही येतो.