आईला घेऊन हॉटेलात चला

रविवारची वंदना आटोपली, की आमच्या विहाराच्या पायरीवर चपला घालता घालता चार गोष्टी होतात. मुलांच्या परीक्षा, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचे स्थळ. गेल्या महिन्यात एका ताईंनी मला विचारले, "भाऊ, तुम्ही कामाच्या निमित्ताने सगळी मुंबई फिरता. पोरं मागे लागलीत, बाहेर जेवायला न्या म्हणून. कुठं न्यावं? पैसे फार जाऊ नयेत आणि सासूबाईंनाही अवघडल्यासारखं वाटू नये."

प्रश्न साधा होता. चार हॉटेलांची नावे सांगून मी मोकळा झालो असतो. पण "सासूबाईंना अवघडल्यासारखं वाटू नये" हे शब्द मनात राहिले, कारण मला माझी आई आठवली.

२००४ सालच्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही परत निघालो होतो. आई गावाहून आली होती. रांगेत उभी राहून तिचे पाय भरून आले होते. मी तिला दादरमधल्या एका इराण्याच्या हॉटेलात नेले. ती दारातच थांबली. "आत बसायचं?" म्हणाली. मी हाताला धरून तिला खुर्चीवर बसवले. चहा आला, बनमस्का आला. तिने पाव चहात बुडवून सावकाश खाल्ला. मग ती उठली आणि आपला कप-बशी हातात घेऊन इकडेतिकडे पाहू लागली. मला वाटले, हात धुवायचे असतील. ती म्हणाली, "नळ कुठंय? कप विसळून ठेवते."

तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असत. चहा वरून ओतायचा, बाहेर बसून प्यायचा, कप आपणच विसळून परत पालथा घालायचा. ती सवय चाळीस वर्षांनी तिच्याबरोबर दादरला आली होती. हॉटेलातला म्हातारा वेटर पुढे आला आणि म्हणाला, "रहने दो माई, ये मेरा काम है." आईने कप टेबलावर ठेवला. घरी येईपर्यंत ती फारशी बोलली नाही. रात्री जेवताना मात्र माझ्या बायकोला म्हणाली, "आज माझा कप दुसऱ्यानं उचलला."

वाचक बंधू-भगिनींनो, म्हणूनच हॉटेलात जाणे हा विषय आपल्या घरांत केवळ जिभेच्या चोचल्यांचा नाही.

कपाचाही कायदा आहे

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या मसुद्यात समानतेचा हक्क केवळ मोठ्या शब्दांत सांगून सोडलेला नाही. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अडवता येत नाही. त्यानंतर १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. या कायद्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातील प्रवेशाबरोबरच हॉटेलातील भांडी वापरण्याचाही उल्लेख आहे. वेगळा कप ठेवणे हा गुन्हा आहे, त्याला किमान एक महिना कैद आणि दंड आहे.

माझ्या आईचा जन्म १९५५ चाच. कायदा आणि ती एकाच वर्षी जन्मली, तरी तिला कप विसळावा लागला. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो वापरात यावा लागतो. आपण कुटुंबासह हॉटेलच्या मधल्या टेबलावर निवांत बसतो, तेव्हा तो वापरात येतो. असो. आता ताईंच्या प्रश्नाकडे वळतो.

दादर: वंदना आणि न्याहारी

आपले लोक दादरला वर्षातून एकदा तरी येतातच. तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचे राजगृह आहे. ते पाहून झाले, की त्याच हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी नावाचे इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का, ऑम्लेट-पाव आणि इराणी चहा एवढ्यावर चौघांची न्याहारी सहज होते. इराणी हॉटेलची गंमत अशी, की तिथे घाई करणारे कुणी नसते. एका चहावर माणूस बसून राहिला तरी चालते. हे इराणी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणमधून आले. कोपऱ्यावरची दुकाने हिंदू व्यापारी अशुभ मानत, ती यांनी घेतली, असे सांगतात. एकाची अंधश्रद्धा दुसऱ्याची भाकरी झाली! अठरापगड मुंबईचा माणूस तिथे शेजारी शेजारी बसून चहा प्यायला. अर्थात कुणालाही डोक्यावर घेऊ नये. बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमातून बाबासाहेबांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले, हेही आपण विसरत नाही. पण आज आई-वडिलांना पहिल्यांदा हॉटेलात न्यायचे असेल, तर इराण्याइतकी मोकळी जागा क्वचितच सापडेल.

दादर पश्चिमेला शिवसेना भवनाजवळ गडकरी चौकात आस्वाद आहे. हे हॉटेल १९८६ पासूनचे. इथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला होता. थालीपीठ आणि कोथिंबीर वडीही मागवावी. रविवारी बाहेर नाव लिहून थांबावे लागते, म्हणून लहान मुले असतील तर सकाळी लवकर जावे. शिवाजी पार्कच्या बाजूलाच प्रकाश आहे. तिथला साबुदाणा वडा आणि पियूष प्रसिद्ध आहे. चैत्यभूमीवरून परतताना दोन्ही ठिकाणे चालत गाठता येतात. स्टेशनजवळ मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह आहे, १९१० सालचे. गाडीला वेळ असेल तर बटाटावडा खावा.

मांसाहारी जेवायचे असेल तर दादर पश्चिमेलाच सिंधुदुर्ग आहे. मासळीचे ताट, कोंबडी-वडे, सोलकढी. इथे बिल न्याहारीपेक्षा बरेच मोठे होते, हे आधीच लक्षात ठेवावे. महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात, असा बेत करावा.

माटुंगा: केळीच्या पानावर

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरले, की ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ साली सुरू झालेले. आधी कूपन घ्यायचे आणि रांगेत थांबायचे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक, पोटभर वाढतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना इथे न्यावे, पैसे वसूल होतात. तिथून किंग्ज सर्कलकडे गेले, की १९४० चे कॅफे मद्रास आहे. इडली, डोसा आणि फिल्टर कॉफी. तेही रांगेचे हॉटेल.

उडुपी हॉटेलांचा उगम ब्राह्मण आचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात आहे. दक्षिणेत एके काळी अशा हॉटेलांत ब्राह्मणांची पंगत निराळी बसे. पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द पुसावा म्हणून १९५७ साली पेरियार रामस्वामींना मद्रासमध्ये आंदोलन करावे लागले. आज माटुंग्याला गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर बसावे लागते. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. भात वाढणाऱ्याला सगळी पाने सारखी. मुलांना जेवता जेवता हा इतिहास जरूर सांगावा.

फोर्ट: विद्यार्थ्यांसाठी आणि नोकरदारांसाठी

फोर्टमधील आनंद भवन आणि बुद्ध भवन आपल्याला नवीन नाहीत. १९४६ साली बाबासाहेबांनी सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय तिथलेच. मुलांना ते दाखवायला नेले, की धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर जावे. तिथे कयानी हे १९०४ चे इराणी हॉटेल आहे. खिमा-पाव, मावा केक आणि चहा, जुन्या लाकडी खुर्च्यांवर बसून. बॅलार्ड इस्टेटला १९२३ चे ब्रिटानिया आहे. तिथला बेरी पुलाव नामांकित, पण हे दुपारच्या जेवणाचे हॉटेल आहे आणि खिशालाही जड आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात आई-बापाला न्यावे, असे ते ठिकाण. कुठेही जाताना सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

बारविषयीही काही तरुण विचारतात. नावे मला ठाऊक नाहीत असे नाही. पण बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि बारमध्ये एका संध्याकाळी जे बिल होते त्यात वर सांगितलेल्या कुठल्याही इराण्याकडे सगळे घर न्याहारी करून येते. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणूनही मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

बिल वाचायला शिका

हॉटेलात शिरताना दराचा फलक किंवा मेन्यूकार्ड नीट वाचावे. दर विचारण्यात कमीपणा नाही. साधे पाणी मागावे, बाटली घेतलीच पाहिजे असे नाही. बिल आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. ज्या छोट्या हॉटेलमालकाने कंपोझिशन योजना घेतली आहे त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. दोन, सेवा शुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते आपोआप बिलात लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. लावले असेल तर नम्रपणे काढायला सांगावे. तीन, बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा लागतो.

सेवा शुल्क काढायला लावले, तरी चांगले वाढणाऱ्या वेटरच्या हातात स्वतःहून काहीतरी ठेवावे. तोही आपल्यासारखाच गाव सोडून आलेला असतो. आणि त्याला 'ए' म्हणून हाक मारू नये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'ए' ऐकावे लागले, त्यांच्या मुलांनी तरी ती भाषा उचलू नये.

आपले ताट कुठे आहे?

या सगळ्या हॉटेलांतून फिरताना एक गोष्ट मनाला लागते. मेन्यूकार्डावर मालवणी असते, कोल्हापुरी असते, उडुपी असते, इराणी असते. आपल्या आज्या ज्या चवीचे रांधत, ते कुठेच नसते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. म्हणजे पुस्तकात आपले ताट आले, टेबलावर अजून यायचे आहे.

हे अशक्य नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. आपल्या वस्त्यांत बचत गट आहेत, हाताला चव असलेल्या भगिनी आहेत. एखाद्या गटाने बाजरीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी आणि झणझणीत रस्सा यांचे स्वच्छ, नीटनेटके उपाहारगृह काढले, तर पहिल्या दिवशी पहिल्या टेबलावर बसायला मी सहकुटुंब येईन. बिल पूर्ण देईन, उधारी ठेवणार नाही!

विहारातल्या त्या ताई परवा भेटल्या. सासूबाईंना घेऊन त्या माटुंग्याला जाऊन आल्या. "आत्या काय म्हणाल्या?" मी विचारले. ताई हसल्या. "आधी भिंतीकडच्या खुर्चीवर बसत होत्या. मीच म्हटलं, आई, मध्ये बसा. मग पोटभर जेवल्या, आणि रसम दोनदा मागून घेतलं."

मागून घेतलं, हे ऐकून फार बरे वाटले. या रविवारी तुम्हीही घरातल्या थोरल्या माणसांना घेऊन निघा. त्यांना मधल्या टेबलावर बसवा. आणि जेवण झाल्यावर त्यांनी कप उचलला, तर हलकेच काढून घेऊन टेबलावर ठेवा.

जयभीम.