सूरज चव्हाणची मराठी आणि आपली मराठी

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला तो दिवस घटस्थापनेचा होता. गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४. सीमाभागातील मराठी माणसाला या बातमीचे अप्रूप इतरांपेक्षा थोडे अधिकच. कन्नडला हा मान २००८ सालीच मिळाला होता, आणि चहाच्या टपरीवरील वादावादीत तो आपल्याला अधूनमधून ऐकूनही घ्यावा लागत होता. साखर वाटून झाली, अभिनंदनाचे फलक लागले, आणि त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, रविवारी ६ ऑक्टोबरच्या रात्री, ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध काय, असे कोणी विचारील. एकीकडे नाणेघाटातील शिलालेख आणि गाथासप्तशतीचे दाखले, दुसरीकडे ‘झापुक झुपूक’ म्हणून उड्या मारणारा एक पोरगा. आम्हाला मात्र त्या आठवड्यापासून हा संबंध सुटता सुटत नाही. मराठी मोठी आहे हे दिल्लीने मान्य केले, त्याच आठवड्यात कोणाची मराठी मोठी, हा घरातला जुना प्रश्न पुन्हा वर आला. हा प्रश्न बेळगाव-निपाणीच्या माणसाइतका दुसऱ्या कोणाच्या जिव्हारी लागत नसेल.

सूरजची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बहिणींनी सांभाळले. शाळा अर्ध्यावर सुटली, ती इतकी की पुढे ‘बिग बॉस’च्या घरात आलेला कागद त्याला इतरांकडून वाचून घ्यावा लागे. मोलमजुरी करणाऱ्या या पोराच्या हाती टिकटॉक आले आणि त्याने त्यावर काही सेकंदांच्या चित्रफिती टाकायला सुरुवात केली. अंगावर भडक कपडे, केसांची अजब ठेवण, आणि तोंडी दोन-तीन ठरलेली वाक्ये: ‘गुलीगत धोका’, ‘बुक्कीत टेंगूळ’. लोक हसले. हसता हसता पाहत राहिले. गावोगावच्या दुकानांच्या फिती कापायला त्याला बोलावू लागले. मग २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही गेले आणि सूरजसारख्या हजारोंचे हातावरचे पोट एका रात्रीत मोडले. सीमाभागातही अशी पोरे होती. कोणी यंत्रमागावर परत गेली, कोणी वडापाच्या गाडीवर. सूरज यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टिकून राहिला, आणि जुलै २०२४च्या अखेरीस दूरचित्रवाणीवरच्या त्या घरात शिरला.

आता त्याच्या भाषेकडे येऊ. ‘गुलीगत’ म्हणजे काय, यावर शहरी मंडळींनी बरीच चेष्टा केली. हा मराठी शब्दच नव्हे, असेही काहींनी बजावले. आमच्या भागातल्या वाचकाला हे सांगायला नको की मूळ शब्द ‘गोळीगत’, म्हणजे गोळीसारखा. हे ‘गत’ आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. ‘माझ्यागत’, ‘तुझ्यागत’, ‘येड्यागत काय करालास’, हे निपाणीच्या बाजारात दर दहा पावलांवर ऐकू येते. प्रमाण मराठीने ‘सारखा’ ठेवला आणि ‘गत’ गावाकडे सोडून दिला, एवढाच फरक. ‘टेंगूळ’ तर शब्दकोशातलाच शब्द. सूरजने नवी मराठी काढली नाही. जी होती ती तोंडातल्या तोंडात थोडी चेपून, पण न लाजता, बोलून दाखवली.

न लाजता हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. निपाणीजवळच्या एका गावातील मुलगी काही वर्षांपूर्वी शिक्षणासाठी पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या मैत्रिणींना ती सहज म्हणाली, ‘मी आत्ताच आलो.’ खोलीत हशा पिकला. तू मुलगा की मुलगी, असे विचारून झाले. कोल्हापूरपासून बेळगावापर्यंत बायका ‘मी आलो, मी गेलो’ असेच म्हणतात, आज्या म्हणत आल्या, त्यात पुरुषीपणा कोणाला वाटला नाही. शेजारच्या कन्नडमध्येही ‘नानु बंदे’ म्हणताना बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. त्यामुळेच आपल्याकडे असे झाले असा दावा आम्ही करीत नाही, तो भाषाशास्त्रज्ञांचा प्रांत. पण त्या मुलीने त्या दिवसापासून दोन जिभा बाळगल्या. वसतिगृहात ‘आले’, घरच्या फोनवर ‘आलो’. घरचा फोन आला की ती खोलीबाहेर जाऊन बोलायची.

सीमाभागातल्या माणसाची ही कोंडी दुहेरी आहे. इकडे युक्तिवाद होतो की तुमच्या बोलण्यात इतके कन्नड मिसळलेले आहे, तर तुम्ही मुळात मराठी कसले? आणि तिकडे पुण्या-मुंबईत गेले की ऐकावे लागते, ‘तुमची मराठी जरा कानडी वळणाची आहे, नाही?’ दोन्हीकडून पुरावा एकच, निकाल फक्त वेगळा. तूप हा शब्द कन्नड ‘तुप्पा’शी नाते सांगतो म्हणून पुण्यातल्या वरणभातावरचे तूप कोणी कानडी ठरवीत नाही. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती दोन्ही भाषांच्या घरांत नांदतात. पण हेच मिश्रण बेळगावच्या माणसाच्या तोंडी आले की ते व्यंग ठरते.

याबाबतीत बेळगावाने महाराष्ट्राला हसवलेही आहे, हे विसरून चालणार नाही. पु. ल. देशपांडे आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते, आणि त्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब बेळगावचेच. कन्नड वळणाची, लिंगांचा मेळ न राखणारी ती मराठी घरोघरी ध्वनिफितींतून पोहोचली. महाराष्ट्र पोट धरून हसला, आणि बेळगावकरही हसले, कारण त्या हसण्यात रावसाहेबांना कोणी लहान केले नव्हते. लिहिणाऱ्याचा जीव त्या माणसावर होता आणि ऐकणाऱ्याचे डोळे शेवटी ओले होत होते. सूरजच्या वाट्याला असा लेखक आला नाही. त्याचे हसे हे सुटे हसे होते. दहा-पंधरा सेकंद पाहायचे, खिदळायचे, पुढे सरकवायचे. त्याच्यावर हसणारे किती आणि त्याच्याबरोबर हसणारे किती, हा हिशेब त्याच्या लोकप्रियतेच्या आकड्यात कधीच वेगळा मांडला गेला नाही. त्याच्या कारकिर्दीतला खरा वाद आमच्या मते हाच आहे. बाकीचे वाद याचीच पोटशाखा.

तरीही ते सांगायला हवेत. पहिला आक्षेप घेतला गेला तो त्याच्या प्रवेशावरच. अभिनेते, गायक बसलेल्या घरात रील करणारा कशाला? गंमत अशी की त्या घरात तो एकटा नव्हता. मालवणी बोलीत चित्रफिती करणारी ‘कोकण हार्टेड गर्ल’ अंकिता वालावलकर होती, आणि आपल्या निपाणीपासून हाकेच्या अंतरावरील इचलकरंजीचे धनंजय पोवार होते. घरच्या मंडळींना घेऊन अस्सल कोल्हापुरी बोलीत विनोद करणारे हे गृहस्थ निपाणीत बऱ्याच जणांना ‘आपलेच’ वाटतात. तिघेही अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचले. मालवणी, कोल्हापुरी आणि बारामतीकडची बोली, अशा तीन बोली रोज रात्री एकाच घरात, एकमेकींना अडखळत का होईना पण समजून घेत नांदत होत्या. साहित्य संमेलनाच्या मांडवात बोलीभाषांवर परिसंवाद पुष्कळ होतात. इतक्या लोकांनी इतके दिवस बोली ऐकल्याचे आमच्या आठवणीत नाही.

दुसरा आक्षेप सहानुभूतीचा. खेळला नाही, डावपेच आखले नाहीत, अनाथपणाची कहाणी पुढे करून मते मिळवली, असे म्हटले गेले. उपविजेता अभिजीत सावंत हा पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा विजेता, नाव असलेला गायक, त्यामुळे ही तुलना अधिक बोचली. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. लोकांनी खेळाला कमी आणि पोराला अधिक मते दिली हे उघड आहे. पण निवडणुका पाहत आलेल्या आपल्यासारख्यांनी मतदार नेमके कशाला मत देतो यावर फार निरागस होऊ नये.

तिसरा वाद अधिक गंभीर. वाहिनीच्या कार्यक्रमांची सूत्रे त्या काळात दिग्दर्शक केदार शिंदे यांच्याकडे होती आणि त्यांनीच सूरजला नायक करून चित्रपट काढण्याची घोषणा केली. त्यामुळे निकाल आधीच ठरला होता, अशी कुजबुज झाली. त्याला पुरावा कोणी दिला नाही. चित्रपट आला, २५ एप्रिल २०२५ रोजी, नावही ‘झापुक झुपूक’च. ‘बाईपण भारी देवा’सारखे घवघवीत यश मिळवलेल्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. मग जे झाले ते आम्हाला चित्रपटापेक्षा अधिक वाईट वाटले. त्याला बोलता येत नाही, उच्चार कळत नाहीत, नायक म्हणून तो शोभत नाही, असा एकच गिल्ला झाला. ज्या उच्चारांनी त्याला डोक्यावर घेतले होते, तेच उच्चार सहा-सात महिन्यांत दोष ठरले. अभिनय कच्चा होता तर तसे म्हणावे, तो समीक्षकाचा हक्कच आहे. जिभेवर मात्र खटला का? जी जीभ दहा सेकंदांसाठी चालते ती दोन तासांसाठी का चालू नये, याचा विचार मराठी चित्रपटवाल्यांनीही फारसा केलेला नाही. त्यांच्या पडद्यावरचा खेडवळ माणूस अजूनही बहुधा विनोदापुरताच येतो.

येथे आम्हाला निपाणीच्या एका लेखकाची आठवण होते. महादेव मोरे. टॅक्सी चालवली, पुढे पिठाची गिरणी चालवली, आणि त्या पिठाच्या धुरळ्यात बसून तंबाखूच्या वखारीतल्या बायांची, गॅरेजमधल्या पोरांची, सीमेवरच्या गोरगरिबांची भाषा जशीच्या तशी कागदावर उतरवली. कथा-कादंबऱ्यांचा मोठा ढीग त्यांच्या नावावर आहे. सूरज त्या काचेच्या घरात होता त्याच काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, मोरे गेले. सीमाभागाच्या बोलीला साहित्यात बसायला पाट देणारा हा माणूस निपाणीच्याच किती तरुणांना माहीत होता, हे विचारायला आम्हाला संकोच वाटतो. सूरजचे वाक्य मात्र त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी होते. आम्ही दोघांना एका पंक्तीत बसवीत नाही. मोऱ्यांची चाळीस-पन्नास वर्षांची तपश्चर्या आणि मोबाइलवरची एक उडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण बोली पुस्तकात गेली तेव्हा आपण ती वाचली नाही, आणि मोबाइलवर आली तेव्हा ऐकली, ही गोष्ट सूरजच्या माथी मारण्यासारखी नाही.

हे केवळ मराठीतच घडते असेही नाही. बेळगावात अनेक घरांत दोन्ही भाषांच्या वाहिन्या लागतात, त्यामुळे वाचकांपैकी काहींनी ‘बिग बॉस कन्नड’चे अकरावे पर्वही पाहिले असेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा विजेता ठरला हावेरी जिल्ह्यातील हनुमंत लमाणी. लंबाणी समाजातला, ‘सा रे ग म प’मधून पुढे आलेला गायक, खेळ सुरू झाल्यानंतर घरात शिरलेला. त्याची कन्नड उत्तर कर्नाटकी. आपल्या कन्नड शेजाऱ्याला विचारून पाहा. बेंगळुरात गेल्यावर त्याच्या धारवाडी, बेळगावी कन्नडला कसे हसतात, हे तो आपल्याइतक्याच कडवटपणे सांगेल. चार महिन्यांच्या आत सीमेच्या दोन्ही अंगांना दोन गावंढळ म्हणवल्या जाणाऱ्या जिभा जिंकल्या. भाषेच्या प्रश्नावर आपण आणि ते साठ-सत्तर वर्षे समोरासमोर उभे आहोत. आपापल्या राजधानीकडून आपण दोघेही सारखेच हिणवले जातो, यावर मात्र दोघांनी मिळून कधी चहा घेतला नाही.

आता कोणी म्हणेल, दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात, पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवे असा २०२४ चा कायदा, येळ्ळूरच्या फलकापायी २०१४ साली झालेली मारहाण अजून लोक विसरले नाहीत, आणि तुम्ही रील करणाऱ्या पोराचे पुराण लावून बसलात. आक्षेप रास्त आहे. फलकाची लढाई फलकाच्या जागी लढलीच पाहिजे, सरकारी कागद आपल्या भाषेत मिळालाच पाहिजे. पण चौकातल्या पाटीवर कोणती लिपी किती टक्के असावी हे शासन ठरवू शकते. पोराच्या हातातल्या मोबाइलवर कोणती बोली वाजावी हे अजून तरी त्याला ठरवता आलेले नाही. आणि तेथे आपली पोरे कशी बोलतात? आम्ही सहज पाहिले. बेळगाव शहराच्या आसपासची बरीच मुले-मुली मोबाइलसमोर उभी राहिली की एकदम पुणेरी बोलू लागतात. ‘करालास’चे ‘करतोयस’ होते, ‘मी आलो’ म्हणणारी ‘मी आले’ म्हणते. कॅमेरा बंद झाला की पुन्हा आपल्या वळणावर. शाळेत प्रमाण मराठी शिकावी, अर्ज-विनंत्या तीत लिहाव्या, याबद्दल दुमत नाही. हे पत्रही आम्ही तीतच लिहितो. पण ज्या भाषेसाठी वाडवडिलांनी १९५६ पासून लाठ्या खाल्ल्या ती त्यांच्या तोंडी कोणती होती? मोर्च्यातल्या घोषणा प्रमाण मराठीत असतील. कण्हणे तर याच बोलीत होते.

सूरजचे पुढे काय झाले हेही सांगून टाकू. बक्षिसाचे १४ लाख ६० हजार मिळाले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याला घर बांधून देण्याचा शब्द दिला होता, ते घर २०२५ मध्ये उभे राहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे लग्नही झाले. चित्रपटसृष्टीत तो टिकेल की नाही हे आम्हाला सांगता येणार नाही. मोबाइलवरची प्रसिद्धी किती दिवसांची असते हे टिकटॉकने एकदा दाखवले आहे.

निपाणीजवळच्या त्या मुलीचे शिक्षण पूर्ण झाले. ती आता पुण्यातच नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत गावी आली तेव्हा आमची भेट झाली. सूरजचा विषय निघाला. तो तिला फारसा आवडत नाही, आरडाओरडा फार करतो म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, ‘पण आता हापिसात घरचा फोन आला तर मी भाईर जात नाही. जाग्यावर बसूनच बोलतो.’